कायद्याचं वय वाढलं, कोयत्याचा हिशेब तोच

पोरीचं वय किती असावं, यावर महाराष्ट्र १३० वर्षांपूर्वी कडाकडा भांडलाय. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मर्यादा १० वरून १२ केली, तेव्हा टिळक विरोधात आणि आगरकर बाजूनं. पुढं १९२९ च्या सारडा कायद्यात मुलीच्या लग्नाचं वय १४ झालं, १९४९ ला १५, १९७८ ला १८. कागदावर मोठी मजल.

आता आपला बीड जिल्हा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या जवळपास ४४ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं. राज्यात हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास.

बीडची माणसं वेगळी आहेत का? नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? लग्न लावलं की बापाचा घोर मिटतो, सासरी कोयता पुरा होतो. मग कोवळ्या वयातच पोर पोटुशी, आणि डोक्यावर उसाची मोळी. दवाखान्यात नेलं तर पोलिसांत वर्दी जाईल, या भीतीनं नाव नोंदवायचंही टाळतात.

बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर. तो मांडव अडवील. उचल कोण अडवणार? मंडळी, निदान आपल्या गावात हंगामी वसतिगृह चालू आहे का, तिथं पोरी राहतात का, एवढं ग्रामसभेत विचारा.