सहा तारा, पाच कॉर्ड आणि एक तुणतुणे

१/ नांदेड-लातूरकडचा एखादा तरुण अकूस्टिक गिटारवर कंट्री रॉक गाणे बसवू लागला की प्रश्न ठरलेला : ‘ही परक्यांची नक्कल कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास हवाई बेटांपासून माहूरगडापर्यंत पसरलेला आहे. #धागा

२/ प्रथम गाणे पाहू. ‘ईगल्स’ या अमेरिकी बँडचे ‘टेक इट ईझी’ १९७२ मध्ये आले. जी, डी, सी, ए मायनर आणि ई मायनर या पाच कॉर्डवर ते उभे आहे. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा समूह. या पाचही कॉर्डमध्ये काही तारा मोकळ्याच वाजतात. म्हणून नवशिक्याला त्या आधी साधतात.

३/ हा प्रकार तेव्हा नवाच होता. १९६८ मध्ये ‘द बर्ड्स’ने ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या अल्बममध्ये अमेरिकी ग्रामीण गाणे आणि शहरी रॉक यांची सांगड घातली. त्यात ठळकपणे ऐकू येते पेडल स्टील गिटार, म्हणजे तारेवरून घसरत जाणारा आर्त स्वर.

४/ तो स्वर मुळात अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा नव्हे. १८३० च्या दशकात मेक्सिकोच्या गुराख्यांबरोबर गिटार हवाई बेटांवर पोहोचली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने तारांवरून धातूचा तुकडा सरकवण्याचे तंत्र घडवले, असे सामान्यतः मानले जाते.

५/ येथे एक वळण आहे. काही जुन्या हवाईयन आठवणींत या शोधाचे श्रेय गॅब्रिएल डेव्हियन या भारतात जन्मलेल्या मुलाकडे जाते. वाद मिटलेला नाही. पण कंट्री संगीताच्या मुळाशी भारताचे नाव निघते, हे लक्षणीय.

६/ १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनाने हवाईयन संगीताची अमेरिकेला भुरळ घातली. पुढे कंट्रीचा आद्य तारा जिमी रॉजर्स याच्या ध्वनिमुद्रिकांत हवाईयन वादकांची साथ आली.

७/ तीच गिटार पूर्वेकडेही निघाली. हवाईयन शैलीचे वादक टाऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले. मुंबईत व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या चाली या गिटारवर वाजवल्या. भारतीय कानाला ती रुचली, कारण तिच्यात मींड होती. मींड नसल्याच्या आक्षेपावरून हार्मोनियमला १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर बंदी होती.

८/ नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होते. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले. या संक्रमणाच्या काळातच, १९५२ मध्ये, रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. लघुलहरींना राज्यांच्या सीमा नव्हत्या. हवाईयन गिटारचे स्वर लेवून चित्रपटगीते गावोगावी पोहोचली.

९/ १९६७ मध्ये ब्रिजभूषण काब्रा यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’त गिटारवर राग वाजवला. १९९४ मध्ये विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांना एकत्र ग्रॅमी मिळाले. एकाच उगमाचे दोन प्रवाह पुन्हा भेटले.

१०/ आता शिकणाऱ्याचे हात पाहू. उजवा हात तारा छेडत ठेका धरतो. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे रेणुकेचे ठाणे. देवीच्या गोंधळात तुणतुण्याची एकच तार हेच काम करते : सूर धरते आणि लयही. लातूर जिल्ह्यातील औशाच्या चक्री भजनात तर लय सबंध देहात उतरते.

११/ कठीण जातो तो डावा हात. तुणतुण्याचा सूर गाणेभर एकच. कॉर्ड मात्र ओळीगणिक बदलते. गाणारा गळा आणि बदलणारा आधार यांचा मेळ घालणे, हे या मातीतल्या कानाला खरोखर नवे शिक्षण आहे. बोटांना घट्टे पडतात ते इथेच.

१२/ तेव्हा नक्कल कोणाची? मेक्सिकोचे गुराखी, हवाईचा शाळकरी मुलगा आणि कदाचित एक भारतीय पोर यांच्या देवघेवीतून जे घडले, त्यावर एकट्या कोणाची मालकी नाही. लातूरच्या खोलीत जी वरून सी वर जाताना अडखळणारी बोटे ही त्याच देवघेवीतली पुढची नोंद आहे.