चित्रातली खोली, चित्राची तारीख

पेट्रस व्हॅन डर व्हेल्डन हा 1837 साली रॉटरडॅममध्ये जन्मलेला चित्रकार. मार्कन बेटावरच्या मच्छीमारांचं आयुष्य त्याने रंगवलं आणि 1890 मध्ये तो न्यूझीलंडला स्थायिक झाला. आता समजा, त्याचं जलरंगातलं एक चित्र समोर आलं: डच घरातली खोली, तारीख नाही. मग ते 1890 पूर्वीचंच का? घाई नको! जुन्या रेखाटनांवरून अशी खोली नंतरही रंगवता येते. कागद उजेडात धरून वॉटरमार्क बघा. काहींमध्ये वर्ष असतं. 1892 दिसलं, तर चित्र त्याआधीचं नाही, हे नक्की. पण 1885 दिसलं तर? कोरा कागद वर्षानुवर्षं पडून राहतो. म्हणून नोंदीत ‘1885 चं चित्र’ नाही, ‘1885 किंवा नंतरचं’ असंच लिहायचं.