खडकीचे जलमनोरे

गावची पाण्याची टाकी म्हटली की सिमेंटचे खांब, वर गोल डेरा आणि खाली उद्घाटनाची पाटी आठवते. मोटर जळाली की टाकी कोरडी. पण वीज नसतानाही पाणी मनोऱ्यावर चढवणारे एक गाव आपल्याच मराठवाड्यात होते. त्याचे नाव खडकी.

इ.स. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी ही निजामशाहीची राजधानी केली. फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर ही त्याच गावाची पुढची नावे. राजधानी म्हटली की लष्कर, बाजार, जनावरे आली. खाम नदीवर एवढी तहान भागणारी नव्हती. अंबरने उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जमिनीखालून बांधीव बोगदा काढला. आजूबाजूचे झिरपते पाणी त्यात गोळा होई आणि उताराने शहराकडे येई. हीच नहर-ए-अंबरी. शाळेच्या पुस्तकात अंबर गनिमी काव्यापुरता येतो, नहरीला एखादी ओळ मिळते. मला हा हिशेब उलटा वाटतो.

पुढे शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच. तिचे पाणी खापरी नळांतून येते आणि खरी गंमत तिथेच आहे. बंद नळातून पाणी खाली उतरू लागले की दाब वाढतो. खापर किती दाब सोसणार? शिवाय मध्येच हवा अडकली तर प्रवाह तुंबतो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी चुन्याच्या बांधकामाचे उंच मनोरे उभारले. पाणी एका नळाने वर चढते, माथ्यावर मोकळे होते, हवा सोडते आणि दुसऱ्या नळाने पुन्हा खाली उतरते. मनोरा उगमाच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवला की पंपाची गरजच नाही. इस्तंबूलमध्ये उस्मानी कारागिरांनी असेच मनोरे बांधले. तुर्की लोक त्यांना ‘सू तेराझीसी’, म्हणजे पाण्याचा तराजू म्हणतात.

पाणचक्कीत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारी हे पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळते. त्याच्या जोरावर जाते फिरे आणि खानकाहीत येणाऱ्या फकीर-प्रवाशांसाठी पीठ दळले जाई. आपण ज्याला सदका-ए-जारिया म्हणतो, त्याचा इतका उघड नमुना दुसरा सापडणे कठीण. जाता जाता भाषेचे: हौद हा अरबी ‘हौज’, नहरही अरबी, आणि भिश्ती हा फारसी ‘बिहिश्ती’, जन्नतवाला. पाणी पाजणाऱ्याला लोकांनी दिलेले हे नाव.

अंबर स्वतः कोण? इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आलेला हबशी. शहराच्या नावावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना तो फारसा उपयोगी पडत नाही, म्हणून त्याची नहर कुणाच्याच भाषणात नसते. दरम्यान नहरींवर घरे चढली, काही ठिकाणी सांडपाणी शिरले. शहर आता पैठणच्या जायकवाडीतून, सुमारे पन्नास किलोमीटरवरून, पंपाने वर चढवलेले पाणी पिते आणि कित्येक वस्त्यांत ते काही दिवसांआड येते.

वर्गात हा पाठ झाला की एखादा मुलगा हमखास विचारतो, “सर, मग नहर साफ का नाही करत?” मी त्याला फळ्यावर मनोऱ्याची आकृती काढायला लावतो. दोन नळ, वरचे कुंड, आणि उगमाच्या पातळीची तुटक रेघ. ती रेघ बहुतेक मुले पहिल्यांदा मनोऱ्याच्या खालीच काढतात.