नोव्हेंबर कशाला उजाडला

१९८८ सालच्या फेब्रुवारीत मी नववीच्या वर्गासाठी मुंबईच्या नाविक उठावाचा पाठ तयार करत होतो. ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायची माझी सवय. पलीकडे आबा, म्हणजे माझे आजोबा, घायपाताचा दोर वळत बसले होते. खलाशांच्या मागण्या मी एकेक करून वाचत गेलो. जेवण धड द्या. गोऱ्या आणि हिंदी खलाशांना सारखा पगार द्या. आझाद हिंद सेनेचे कैदी सोडा. इंडोनेशियातलं हिंदी सैन्य मागं बोलवा. आबांचा हात थांबला.

"इंडोनेशिया म्हंजी जावाच का रं?"

"हो आबा."

"म्हंजी ती पोरं आमाला मागं बोलवा म्हनत व्हती?"

मग त्यांनी साल-महिना विचारला. फेब्रुवारी १९४६, मी सांगितलं. त्यांनी बोटांची पेरं मोजली आणि म्हणाले, "मग आमाला आनायला नोव्हेंबर कशाला उजाडला?"

मी इतिहासाचा मास्तर, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आबा मराठा पलटणीत होते, जपान्याशी लढले होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. "जावाला व्हतो" हेही ते म्हणायचे, पण त्यापुढं बोलायचे ते फक्त पावसाबद्दल आणि एका इमारतीबद्दल. सातारा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावात घरटी एक पेन्शनर असतो. कोण कुठं लढला याची चौकशी कुणी फारशी करत नाही. मी त्या दिवसापासून करू लागलो.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपाननं शरणागती जाहीर केली. दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टला, सुकार्णो आणि हत्ता यांनी जाकार्तात इंडोनेशियाचं स्वातंत्र्य घोषित केलं. डचांनी तिथं शतकानुशतकं राज्य केलं होतं, पण १९४२ मध्ये जपान्यांपुढं ते टिकले नाहीत, आणि १९४५ मध्ये परत जाऊन बसण्याइतकं सैन्यही त्यांच्याजवळ नव्हतं. जावाची जबाबदारी माउंटबॅटनच्या आग्नेय आशिया कमांडकडे आली. कमांडजवळ हाताशी होतं ते प्रामुख्यानं हिंदी सैन्य. काम दोन ओळींचं होतं: जपान्यांची हत्यारं काढून घ्या, आणि त्यांच्या छावण्यांत कोंडलेले युद्धकैदी व नागरिक बाहेर काढा.

हे काम खरं होतं. छावण्यांमध्ये हजारो डच बायका-मुलं तीन-साडेतीन वर्षं अर्धपोटी पडून होती. त्या गोंधळाच्या महिन्यांत कितीएक डच आणि मिश्र वंशाची कुटुंबं कापलीही गेली. त्यामुळे तिथं कुणी पाऊलच ठेवायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार त्या दोन ओळींखाली लिहिलेल्या, पण शिपायाला न दाखवलेल्या तिसऱ्या ओळीबद्दल आहे.

२५ ऑक्टोबर १९४५ ला ४९ वी हिंदी ब्रिगेड सुराबाया बंदरात उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी आणि सहावी अशा दोन बटालियन होत्या, शिवाय राजपुताना रायफल्स. मणिपूरच्या डोंगरांत लढलेली ही माणसं. चौथ्या बटालियननं मार्च १९४४ मध्ये सांगशाकला जपान्यांचा लोंढा अंगावर घेतला होता. आबा सहाव्या बटालियनमध्ये होते. युद्ध संपलं, आता घर, असं धरून चाललेली पलटण बोटीतून उतरली ती एका पेटलेल्या शहरात. महिनाभरापूर्वीच तिथल्या तरुणांनी यामातो हॉटेलवर चढलेला डच झेंडा उतरवून त्याची निळी पट्टी फाडली होती आणि उरलेला लाल-पांढरा पुन्हा वर चढवला होता. जपानी कोठारांतली हत्यारं त्यांच्या हातात आली होती.

ब्रिगेडियर मॅलबीनं २६ तारखेला स्थानिक पुढाऱ्यांशी समझोता केला. हत्यारं जपान्यांची काढायची, इंडोनेशियनांची नाही. गोष्ट तिथंच मिटली असती. पण २७ ला जाकार्ताहून एक डाकोटा विमान आलं आणि त्यानं शहरावर पत्रकं टाकली. हत्यारं ४८ तासांत जमा करा, नंतर हत्यारासह दिसेल त्याच्यावर गोळी झाडली जाईल. खाली मॅलबीच्या वरिष्ठाचं, जनरल हॉथॉर्नचं नाव. आदल्या दिवशी हातात हात घेतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आभाळातून धमकी. सुराबायाच्या लोकांना त्यात फक्त एकच अर्थ दिसला: हे डचांसाठी रस्ता झाडायला आलेत. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तोच दिसला असता.

२८ च्या दुपारपासून शहर पलटणीवर तुटून पडलं. ब्रिगेड लहान लहान टोळ्यांनी विखुरलेली होती, कुठं पुलावर, कुठं इस्पितळात, कुठं टेलिफोन कचेरीत. बायका-मुलांना छावणीतून हलवणाऱ्या ट्रकांच्या ताफ्यावरही हल्ला झाला, आणि त्यांच्यासोबतचे जवान गोळ्या संपेपर्यंत लढले. २९ ला इंग्रजांनी खुद्द सुकार्णोंना विमानानं आणलं. त्यांच्या शब्दावर लढाई थांबली. ३० ला मॅलबी युद्धबंदी पाळली जाते का हे बघायला लाल पुलाजवळच्या इंटरनॅशिओ इमारतीपाशी गेला. आत मराठ्यांच्या सहाव्या बटालियनची एक कंपनी अडकलेली, बाहेर हजारोंचा जमाव. संध्याकाळी पुन्हा गोळीबार झाला आणि मॅलबी आपल्या मोटारीतच मारला गेला.

आबांची इमारत हीच. "खिडकीतून नुसती डोकी दिसायची," एवढंच ते सांगत.

पुढचं इंडोनेशियातल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. पाचवी हिंदी डिव्हिजन आली, रणगाडे आले, लढाऊ जहाजं आली. १० नोव्हेंबरला सकाळी तोफा सुरू झाल्या, आणि गल्लीगल्लीतून पुढं सरकायला सैन्याला तीन आठवडे लागले. इतिहासकार मेलेल्यांचा आकडा किमान ६,००० धरतात. १० नोव्हेंबर हा त्यांचा वीरदिन. आपल्या शिपायांशी लढून मेलेल्यांचा तो दिवस आहे, हे मला वर्गात सांगताना दर वर्षी जड जातं, पण मी सांगतो.

यापुढं घडलं ते सुराबायाइतकं मोठं नसेल, पण मला जास्त अस्वस्थ करतं. नोव्हेंबरातच बेकासीजवळ एक डाकोटा कोसळलं. त्यातल्या इंग्रज आणि हिंदी सैनिकांना तिथल्या लोकांनी ठार मारलं. डिसेंबरात इंग्रजांनी सूड म्हणून बेकासी जाळलं. जावाच्या काही भागांत बंदोबस्ताला माणसं कमी पडली तेव्हा ज्यांची हत्यारं काढायला आलो त्याच जपान्यांना हत्यारांसह कामाला लावलं. काम हातातून असं निसटत जातं. आधी कैदी सोडवायचे, मग कैद्यांची वाट राखायची, मग वाटेवरची गावं राखायची, आणि मग गावातला प्रत्येक जण शत्रू. इंग्रज सेनापती क्रिस्टिसननं सुरुवातीलाच सांगितलं होतं की आम्ही मोजकीच शहरं ताब्यात ठेवू. पण शहर ताब्यात ठेवायचं ते कुणाच्या हाती द्यायला?

आमच्याकडे बांधाचा वाद कोर्टात गेला की कधी कधी उभं पीक राखायला तिऱ्हाईत गडी बसवतात. सुगीला त्यानं पीक गपचूप एका भावाच्या खळ्यावर नेऊन टाकलं, तर तो राखणदार कसला? मार्च १९४६ पासून डच फौजा जावात उतरू लागल्या. छावण्या रिकाम्या करण्याचं काम पुढं सरकत होतं, जपानी मायदेशी जात होते, आणि हिंदी शिपाई मात्र हलत नव्हता. तो डचांची वाट बघत होता. ही ती तिसरी ओळ.

इकडे हे कुणाला दिसत नव्हतं असं नाही. नेहरू १९४५ पासून जाहीरपणे म्हणत होते की एका गुलाम देशाचं सैन्य दुसऱ्याला गुलाम करायला वापरलं जातंय. सिडनीच्या धक्क्यावर ऑस्ट्रेलियन कामगारांनी डच जहाजांत माल चढवायला नकार दिला, आणि त्या जहाजांवरच्या हिंदी खलाशांनीही काम टाकलं. आणि १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर संप झाला. तो ७८ जहाजांपर्यंत, सुमारे २०,००० खलाशांपर्यंत पसरला. २३ ला तो मागं घेतला गेला, तोवर मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून जास्त माणसं गोळीबारात गेली होती. जेवणाच्या तक्रारीवरून उठलेल्या त्या पोरांना जावातल्या शिपायाची आठवण का यावी? माझ्या मते त्यांना ताटातली डाळ आणि जावातली पलटण यांच्यामागं एकच हुकूम दिसला. पाठ्यपुस्तकात ही मागणी शेवटची असते आणि मुलं ती पाठ करताना विसरतात. मी परीक्षेत तीच विचारतो.

त्याच १९४६ मध्ये, हिंदुस्थानात अन्नटंचाई असताना, इंडोनेशियाचे पंतप्रधान शहरीर यांनी आपल्याला पाच लाख टन तांदूळ देऊ केला. हिंदी शिपाई अजून त्यांच्या जमिनीवर उभा होता.

नोव्हेंबरच्या मध्यावर डच आणि प्रजासत्ताक यांच्यात लिंगजाती इथं कराराचा मसुदा ठरला, आणि ३० नोव्हेंबर १९४६ ला इंग्रजांचा अंमल उठला. सुराबायाला उतरल्यापासून ४०१ दिवस. मागं डचांचं ताजं सैन्य उभं होतं. त्यानं जुलै १९४७ मध्ये तो करार मोडून चढाई केली. खरी सत्ता इंडोनेशियाच्या हाती आली ती २७ डिसेंबर १९४९ ला, आणि महिन्याभरात सुकार्णो आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे म्हणून दिल्लीत आले.

माझे धाकटे चुलते १९७१ च्या बांगलादेश युद्धात पहिल्या मराठात होते. जमालपूरला लढले, ढाक्यात पोचले. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्य शरण आलं. बांगलादेशचे नेते मुजीब पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटून आले, त्यांनी इंदिरा गांधींना सैन्य कधी नेता म्हणून विचारलं, आणि १२ मार्च १९७२ ला ढाक्याच्या स्टेडियममध्ये निरोपाचं संचलन झालं. ८७ दिवस. एक कोट निर्वासित परत जात होते, रस्ते-पूल तुटलेले होते, थांबायला कारणं हवी तेवढी होती. तरी ज्यांचा देश त्यांनी विचारलं आणि आपण निघालो. एकाच घरातून एक जण ४०१ दिवस राहिला आणि एक ८७. दोघांच्या मनगटातला जोर सारखाच होता. आबांना मागं बोलवण्याचा अधिकार असलेलं सरकार त्यांच्या देशाचं नव्हतं, एवढाच फरक.

हे सगळं जुळवायला मला दोन-अडीच वर्षं लागली. एका रात्री जेवणानंतर मी आबांना सांगायला बसलो. डच येईपर्यंत तुम्हांला तिथं ठेवलं होतं, म्हणालो. त्यांनी मान हलवली. त्यांना ते बहुधा कळलेलंच होतं. मग मी विमानातून पडलेल्या पत्रकांचं सांगू लागलो, तेव्हा ते एकदम सरसावून बसले.

"ते कागद? म्या बघितले की. ढीगभर पडले व्हते. काय लिवलं व्हतं त्यात?"

मी सांगितलं. ४८ तास, हत्यारं, गोळी.

"आमाला कुनी न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "चा करायचा व्हता. म्या त्ये चुलीला लावले."