खाडीपलीकडचा कामणदुर्ग

गोडदेवला आमच्या गच्चीवरून ईशान्येला कामणदुर्ग दिसायचा. आता मध्ये टॉवर उभे राहिलेत. पावसाने हवा धुतली की दोन इमारतींच्या फटीतून अर्धामुर्धा दिसतो. लहानपणी तो मला नुसता डोंगर वाटायचा; किल्ला आहे हे वसईच्या मोहिमेबद्दल वाचताना कळलं.

उंची साधारण २,१५० फूट. सिंहगड याच्या दुप्पट उंच, मग हा काय, असं म्हणत मी ऑक्टोबरात दोन लिटर पाणी घेऊन निघालो. हिशेब चुकला. सिंहगडाचा पायथाच उंचावर आहे. इथे कामण जवळजवळ खाडीच्या पातळीला. म्हणजे सगळे फूट पायांनीच फेडायचे. त्यात हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. झाडी इतकी दाट की वारा शिरत नाही. माथ्याआधीच दोन्ही बाटल्या संपल्या आणि डोकं गरगरायला लागलं.

सोबत पायथ्याचे एक मामा होते. त्यांनी वरच्या टाक्यातलं पाणी रुमालाने गाळून दिलं. "हळू पी," एवढंच म्हणाले.

तट-दरवाजे शोधायला गेलात तर इथे हिरमोड होईल. पण कातळात खोदलेली ती टाकी म्हणजेच किल्ला, हे मला त्या घोटात पटलं. पावसाळ्यात समुद्रावरचे ढग डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात, बरसतात. ते पाणी धरून ठेवलं तरच उन्हाळ्यात वर पहारा टिकणार.

पहाऱ्याजोगं खाली बरंच होतं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. वसईहून ठाण्याला जायची पाण्याची वाट ही खाडीच. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, उत्तनजवळच्या धारावी किल्ल्यासाठी झुंज झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. डिसेंबर १७८० मध्ये ती इंग्रजांकडे गेली. त्यांच्या सेनापतीचं नाव गॉडार्ड. गोडदेव हे नाव त्याच्यावरूनच पडलं, अशी थाप आम्ही शाळेत मारायचो!

माथ्यावरून खाडीचं वळण स्वच्छ दिसत होतं. आमची इमारत मात्र बराच वेळ शोधूनही सापडली नाही. मामा उतरायची घाई करत होते.