जालीनूसच्या शोधात हुनैन

युनानी वैद्यक शिकणाऱ्याला बुकरात आणि जालीनूस ही नावे परकी नाहीत. जालीनूस म्हणजे गेलन, दुसऱ्या शतकात रोममध्ये राहून ग्रीक भाषेत लिहिणारा हकीम. त्याच्यावर संशोधन करायचे तर ग्रीक आणि लॅटिन येऊन भागत नाही, अरबीही लागते. शरीरविच्छेदनावरील त्याच्या १५ भागांच्या ग्रंथापैकी नवव्याचा बराचसा मजकूर आणि पुढचे सर्व भाग मूळ भाषेत नष्ट झाले. ते अरबीतच उरले. गणितातही तसेच. अपोलोनियसच्या शंकुच्छेदांवरील ग्रंथाचे पाच ते सात हे भाग अरबीमुळे वाचले. धूमकेतूवाल्या हॅलीने त्यांचे लॅटिन भाषांतर १७१० साली छापले.

बगदादचा हुनैन इब्न इसहाक (८०९-८७३) याने गेलनच्या १२९ ग्रंथांची हकीकत एका रिसाल्यात लिहून ठेवली आहे. कोणता ग्रंथ कोणी सुरयानीत आणला, कोणी अरबीत, कोणासाठी, आणि तो कितपत उतरला, हे सारे त्यात आहे. एक किताब त्याने विशीत एकाच सदोष प्रतीवरून भाषांतरित केली होती. चाळिशीत शिष्य हुबैशने आग्रह धरला, तेव्हा जमवलेल्या अनेक ग्रीक प्रती ताडून त्याने आधी मूळ पाठ शुद्ध केला, मग भाषांतर सुधारले. आजचा पाठसंशोधक याहून वेगळे काय करतो? तर्कसिद्धीवरील एका ग्रंथासाठी तो जझिरा, शाम, फलस्तीन, मिसर असा अलेक्झांड्रियापर्यंत हिंडला. हाती आला तो जेमतेम निम्मा, तोही दमिश्कमध्ये.

हे सारे 'आपण' राखले, असे अभिमानाने सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. आश्रय अब्बासी खलिफांचा आणि बनू मूसांसारख्या धनिकांचा होता. पण हुनैन नेस्तोरियन ख्रिस्ती होता आणि साबित इब्न कुर्रा हर्रानचा साबी. शिवाय त्यांची निवडही ठरलेली असे. वैद्यक, गणित आणि तत्त्वज्ञान आले. ग्रीक शोकांतिका आणि इतिहासकार जवळजवळ वगळले गेले. त्यांच्यासाठी अभ्यासकाला बायझँटाइन हस्तलिखितांकडेच जावे लागते.

इस्तंबूलच्या आयासोफियातील हस्तलिखितावरून बेर्गश्ट्रेसर या जर्मन पंडिताने हा रिसाला १९२५ मध्ये छापला. त्यात दुःख टाळण्यावरील एका ग्रंथाची नोंद होती, पण ग्रंथ मात्र हरवलेला. २००५ मध्ये थेसालोनिकीच्या व्लाताडोन मठात त्याची ग्रीक प्रत सापडली. इ.स. १९२ च्या रोममधील आगीत आपली किती पुस्तके आणि औषधे जळाली, हे गेलनने त्यात लिहिले आहे.