दुसऱ्या क्रमांकाचे मानकरी

न्यूयॉर्क संस्थानात कूपर्सटाउन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९३९ साली बेसबॉलचे कीर्तिमंदिर उभे राहिले. अमेरिकेत त्याला हॉल ऑफ फेम म्हणतात. ज्या खेळाडूची प्रतिमा तेथल्या भिंतीवर लागली तो अमर झाला, अशी त्या देशाची समजूत आहे. भिंतीवर कोण आहे हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते अशांविषयी, की जे या भिंतीवर फार उशिरा पोहोचले, किंवा अजून पोहोचलेच नाहीत.

आपल्याकडे बेसबॉल फारसा कोणी खेळत नाही, म्हणून एक गोष्ट आधी सांगून टाकू. या खेळात फलंदाजाने दहापैकी तीन वेळा चेंडू टोलवून सुखरूप पहिला तळ गाठला, तर तो उत्तम फलंदाज समजला जातो. सात वेळा फसणारा माणूसही येथे मोठा ठरतो! क्रिकेटच्या सरासरीशी या सरासरीचा काही संबंध नाही. दशांश चिन्हापुढचे तीन आकडे लिहावयाचे, .३०० आले की माणूस पास. या आकड्यांवर अमेरिकन माणसाचे प्रेम विलक्षण आहे, आणि पुढच्या हकिकतीत या आकड्यांचे काम पडणार आहे.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, आणि साठ वर्षांहून अधिक काळ चालत आलेली वर्णभेदाची भिंत फुटली. हे नाव जगाला ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यानंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी, ५ जुलैला, क्लीव्हलंडच्या संघात लॅरी डोबी हा दुसरा तरुण आला. दोघे दोन निरनिराळ्या लीगमध्ये खेळत. म्हणजे ज्या गावांना रॉबिन्सन कधी गेलाच नाही, त्या गावांतली पहिली शिवीगाळ डोबीनेच ऐकली, आणि ज्या हॉटेलांनी दार लावून घेतले ती हॉटेलेही वेगळी. आमच्या मते अमेरिकन लीगपुरता डोबी हा पहिलाच होय.

शिवाय रॉबिन्सनला तयारीसाठी माँट्रियलच्या दुय्यम संघात एक पूर्ण हंगाम मिळाला होता. डोबीला तेवढाही अवधी मिळाला नाही. न्यूअर्क ईगल्स या कृष्णवर्णीयांच्या संघातून उचलून त्याला थेट मोठ्या मैदानावर उभे केले गेले. पहिल्या दिवशी संघातल्या काही जणांनी त्याच्याशी हस्तांदोलन करावयाचेही नाकारले. त्या वर्षी २९ सामन्यांत त्याची सरासरी .१५६ भरली. दुसरा कोणी असता तर परत गेला असता. डोबी मध्यमैदानात उभे राहण्याची नवी विद्या शिकला, आणि १९४८ मध्ये .३०१ घेऊन उभा राहिला.

त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात, क्लीव्हलंडच्या मैदानावर ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, डोबीने जॉनी सेनचा चेंडू कुंपणापार धाडला. क्लीव्हलंडने सामना २-१ असा जिंकला. सामन्यानंतर कपडे बदलण्याच्या खोलीत विजयी पिचर स्टीव्ह ग्रोमेक आणि डोबी गळ्यात गळा घालून, गालाला गाल लावून हसत आहेत, असे एक छायाचित्र निघाले. एक गोरा, एक काळा, आणि दोघांनाही कॅमेऱ्याचे भान नाही! त्या काळच्या अमेरिकेत असे चित्र वृत्तपत्रात छापून येणे ही सामान्य गोष्ट नव्हती. डोबीला हा होमरनपेक्षा मोठा ठेवा वाटे.

पुढे १९५२ आणि १९५४ या दोन्ही वर्षी त्याने आपल्या लीगमध्ये सर्वाधिक, प्रत्येकी ३२ होमरन मारले. १९७८ मध्ये तो शिकागो व्हाइट सॉक्सचा व्यवस्थापक झाला. तेथेही दुसराच, पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक फ्रँक रॉबिन्सन तीन वर्षे आधी होऊन गेला होता. दोन्ही वेळा पुढे असणाऱ्याचे आडनाव रॉबिन्सन असावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. जॅकीची प्रतिमा कूपर्सटाउनला १९६२ साली लागली, डोबीची १९९८ साली. २००३ मध्ये तो वारला.

डोबीला निदान संधी मिळाली. जॉश गिब्सनला तीही मिळाली नाही. हा कृष्णवर्णीयांच्या लीगमधला कॅचर. त्याच्या टोल्यांच्या दंतकथा इतक्या, की खरे किती आणि तिखटमीठ किती हे कळणे कठीण. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. रॉबिन्सन मैदानात उतरण्यास तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते. १९७२ मध्ये त्याला कीर्तिमंदिरात घेतले खरे, परंतु अधिकृत विक्रमांच्या वहीत त्याचे नाव नव्हते, कारण १९२० पासूनच्या या लीगना 'मेजर' हा दर्जाच नव्हता. तो दर्जा डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. मग संशोधकांनी जुन्या साप्ताहिकांत विखुरलेले धावफलक एकेक करून जुळविलेले आकडे २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत आले, आणि कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबच्या .३६७ च्या वर गिब्सनचे .३७२ येऊन बसले. यावर काही जाणकारांनी नाके मुरडली. त्याचे सामने थोडे, असे त्यांचे म्हणणे. सामने थोडे होते हे खरेच आहे. पण ते थोडे कोणी ठेवले?

क्यूबाचा मिनी मिन्योसो याची गोष्ट जरा निराळी. १ मे १९५१ रोजी शिकागोकडून खेळताना पहिल्याच फेरीत त्याने यँकीजविरुद्ध होमरन मारला. त्याच सामन्यात यँकीजच्या मिकी मँटल नावाच्या पोराने आपला पहिला होमरन मारला. पुढे कोणाचे नाव घरोघर झाले हे सांगावयास नको. मिन्योसो अंगावर चेंडू घेऊन तळ गाठण्यात पटाईत. दहा हंगाम या बाबतीत तो लीगमध्ये अव्वल होता. अंगावर उठलेल्या वळांची सरासरी मात्र कोणी काढीत नाही. १९७६ आणि १९८० मध्ये, पन्नाशी गाठल्यावर, मालकाने गर्दी खेचण्यासाठी त्याला पुन्हा मैदानात उतरविले. त्या गमतीने त्याच्या खऱ्या पराक्रमावर झाकण पडले, असे आम्हांला वाटते. २०१५ मध्ये तो वारला. कीर्तिमंदिराचे दार २०२२ मध्ये उघडले.

आता शेवटचा, आणि अजून बाहेरच असलेला लू व्हिटाकर. डेट्रॉइटचा हा सेकंड बेसमन व त्याचा शेजारी अ‍ॅलन ट्रॅमल यांनी एकाच दिवशी, ९ सप्टेंबर १९७७ रोजी पदार्पण केले, आणि पुढे १,९१८ सामने जोडीने खेळले. चेंडू एकाने उचलावा, दुसऱ्याने तळावर पाय टेकून पुढे फेकावा, एवढीच क्रिया. पण ती एकोणीस वर्षे पाहणाऱ्याला पेटीतबल्याची साथ ऐकल्यासारखे वाटले असेल. २,३६९ हिट आणि २४४ होमरन व्हिटाकरच्या नावावर आहेत. २००१ च्या मतदानात त्याला २.९ टक्के मते पडली. पाचांच्या आत मते पडली की नाव यादीतून जाते, तसे ते गेले. ट्रॅमलला २०१८ मध्ये मान मिळाला. व्हिटाकर अबोल, वार्ताहरांशी गप्पा मारणारा नव्हे. बातमीला विषय देणारी त्याची एकच गोष्ट लोकांना आठवते. १९८५ च्या ऑल-स्टार सामन्याला तो गणवेश घरीच विसरून आला, विक्रेत्याकडचा नकली सदरा घेतला, त्याच्या पाठीवर रंगाच्या पेनाने '१' हा आकडा काढून घेतला, आणि तसाच खेळला. तो क्रमांक डेट्रॉइटने २०२२ मध्ये त्याच्या नावे कायमचा राखून ठेवला.